सटवाईशी बोलणाऱ्या गौराक्का

गौराक्का डोळे मिटून शिकवत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी कोल्हापुरात दाखल झाले, तेव्हा आम्हा मुलींना वाटायचं, या बाईंना झोप आवरत नाही. दुपारचे दोन वाजलेले असायचे. खिडकीबाहेर चिंचेची सावली हलत असायची, लांबच्या कुठल्यातरी गुऱ्हाळावरून रस आटल्याचा गोड वास यायचा, आणि पांढऱ्या लुगड्यातल्या गौराक्का टेबलाला टेकून, पापण्या मिटून, हळू आवाजात बाळंतपणाविषयी बोलत असायच्या. मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींना खुणा करायच्या. तेवढ्यात डोळे न उघडताच त्या म्हणायच्या, "तंगी, खिडकीजवळची, वेणी मागनं घाल की. आता हात मोकळं ठेव."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. गौराक्का गडहिंग्लजच्या. वडिलांचं तिथं मिरचीचं दुकान. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि दोन्हींची सरमिसळ त्यांच्या जिभेवर कायमची राहिलेली. आम्ही सगळ्या त्यांच्या तंगी आणि त्या आमच्या अक्का. कोल्हापूरकडच्या बायकांसारखंच त्या 'मी येतो', 'मी जातो' असं बोलत. मी पुण्याकडच्या आजोळी वाढलेली, मला पहिले आठ दिवस त्याचं हसू यायचं. नंतर मीही सुट्टीत घरी जाऊन 'मी येतो' म्हणाले आणि आईनं कपाळाला हात लावला.

डोळे का मिटता, असं एकदा धीर करून मी विचारलं.

"कंदील इझला तर काय करशील?" त्या म्हणाल्या. "बाळ काय उजेड येईपत्तर थांबत न्हाय. हाताला दिसाया पायजे. मी हातानं बघाय शिकल्यो, तुमीबी शिका."

म्हणून त्या आमचेही डोळे बांधत. तेलात कालवलेलं काजळ आमच्या हातांना चोपडत आणि हात धुवायला लावत. आम्ही साबण लावून, खसाखसा चोळून, स्वच्छ धुतले म्हणून डोळ्यांवरची पट्टी काढावी तर नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या वळीत काळं तसंच. "ह्ये काळं दिसलं म्हणून कळलं," त्या म्हणत. "जे दिसत न्हाय तेच्यानं माणूस मरतंय." महिनाभर आमच्या उशा काळ्या व्हायच्या. पण तिसऱ्या महिन्यात आम्हा सगळ्यांचे हात पट्टी बांधूनही पांढरेशुभ्र निघू लागले.

त्यांना घाई ठाऊक नव्हती. वॉर्डात एखादी बाळंतीण ओरडत असली, आम्ही इकडून तिकडे पळत असलो, की त्या सावकाश चालत यायच्या, दोन्ही तळवे आधी स्वतःच्या गालांना लावून ऊब आली का बघायच्या, आणि मगच त्या बाईच्या पोटावर हात ठेवायच्या. थंड हात लागला की बाईचं सगळं अंग आकसतं, असं त्या सांगत. हात ठेवला की कानडीत काहीतरी गुणगुणल्यासारखं बोलत. ते गाणं होतं, देवाचं नाव होतं, की नुसतंच 'हो, हो, होतंय' असं होतं, मला कधी कळलं नाही. आज इतक्या वर्षांनी कधी डोळा लागता लागता ते गुणगुणणं कानाशी येतं, आणि त्यातला एकही शब्द हाती लागत नाही.

संस्थान विलीन होऊन थोडी वर्षं झाली होती. सगळंच नवीन होतं, सगळ्यांनाच काहीतरी करायचं होतं. परदेशातून नर्सिंग शिकवायला माणसं पाठवायची एक योजना होती, त्या योजनेतून आमच्याकडे डेन्मार्कच्या एक बाई आल्या. उंच, फिकट, वाळवंटातल्या गवतासारखे केस. नाव कारेन. दवाखान्यातल्या आयाबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं 'करीनबाई' करून टाकलं. गौराक्कांना ते फार आवडलं.

"बरं नाव हाय," त्या म्हणाल्या. "निदान करीन म्हणती. आपल्याकडं निम्मी माणसं 'बगू' म्हणणारी."

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. गौराक्कांचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. करीनबाईंचं मराठी 'पाणी', 'पुरे', 'किती छान' एवढंच, आणि 'किती छान' त्या गटाराकडे बघूनही म्हणत. तरी दोन महिन्यांत या दोघी संध्याकाळी रंकाळ्याच्या कडेला शेजारी शेजारी बसलेल्या दिसू लागल्या. तासतास बोलणं नाही. पाण्यावरचा उजेड उतरत जायचा, म्हशी वर यायच्या, आणि मग एकदम करीनबाई हवेत हात करून काहीतरी दाखवायच्या, बाळाचं डोकं कसं वळतं किंवा चादर कशी ओढायची, आणि गौराक्का मान हलवून आपला हात वेगळ्या तऱ्हेनं फिरवून दाखवायच्या. येणारे-जाणारे बघत राहायचे. त्यांना वाटत असेल, दोघी मुक्या आहेत.

इकडे येण्याआधी करीनबाई आपल्या देशातल्या नर्सिंगच्या शाळेत शिकवत होत्या. तिथल्या मुलींनी आम्हाला पत्रं लिहायला सुरुवात केली. माझे वडील शाळामास्तर, माझं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं, म्हणून वाचायचं आणि उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या पत्रांत बर्फ होतं, सायकली होत्या. आम्ही पन्हाळ्याचं धुकं लिहिलं, तालमीतले पैलवान लिहिले. मग बिर्गित नावाच्या मुलीचं पत्र आलं. तिनं सरळ विचारलं होतं, तुमच्या खेड्यांत बाळंतपण कोण करतं? नाळ कशानं कापतात? नवी बाळं पहिल्या आठवड्यात दगावतात का?

मी लिहायला बसले, 'सुईण करते,' आणि पुढं पेन थांबलं. आम्ही शिकलो ते दवाखान्यात. चकचकीत कात्री, उकळलेला दोरा, पांढऱ्या चादरी. खेड्यात काय होतं, आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

गौराक्कांनी पत्र दोनदा वाचून घेतलं.

"उत्तर ठावं हाय?"

"नाही, अक्का."

"मग खोटं लिवू नका. बगून येऊन लिवा."

मेट्रनबाई एरवी आम्हाला फाटकाबाहेर सोडत नसत. पण करीनबाईंनी परवानगी मागितली म्हटल्यावर पाहुणीला नाही म्हणवेना. भातकापणीच्या दिवसांत आम्ही चार मुली, गौराक्का आणि करीनबाई राधानगरीच्या पलीकडच्या एका लहानशा गावी गेलो. एसटी सोडल्यावर दोन तास पायवाट. सकाळी धुकं इतकं दाट असायचं की पुढच्या बाईची फक्त पावलं ऐकू यायची. धुक्यातून एकदम एखादी गाय समोर यायची, आणि परत नाहीशी व्हायची. मला ते गाव आता पूर्ण आठवत नाही. ओलं गवत, ओल्या भाताचा वास, छपरांतून निघणारा धूर, एवढंच आठवतं. आणि तानूबाई.

तानूबाई त्या गावची सुईण. काटकुळी, कपाळभर गोंदलेली, दात नसलेली. आम्ही पोचलो त्या दिवशी तिच्याच घरात बाळंतीण होती. तिची लेक. बाळ सहा दिवसांचं. "कालधरनं प्याला तोंड उघडंना," तानूबाई म्हणाली. गौराक्कांनी तळवे गालांना लावले, बाळ हातात घेतलं. बाळाच्या मुठी आवळलेल्या होत्या. जबडा मिटलेला. जरासं दार वाजलं की सगळं अंग धनुष्यासारखं ताठायचं. गौराक्कांनी करीनबाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसते डोळे खाली केले. आमच्या लक्षात आलं. पुस्तकात वाचलेला धनुर्वात आम्ही पहिल्यांदा बघत होतो. त्या काळी त्याच्यावर फार काही करण्यासारखं नव्हतं, आणि जे होतं ते दोन तास पायवाट आणि पुढं मोटार इतकं लांब होतं.

गौराक्का बाळाला मांडीवरून खाली ठेवेनात. अंधाऱ्या खोलीत, आवाज न करता, कापसाच्या बोळ्यानं आईचं दूध ओठांवर लावत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ गेलं.

शेजारच्या बाया जमल्या. "सटवीनं नेलं," त्या म्हणाल्या. कुणी म्हणालं, माझी दोन नेली. कुणी म्हणालं, माझं थोरलं. रागावून नाही, पावसानं पीक नेलं असं सांगावं तशा. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते आणि आवडलं तर बाळच उचलून नेते, हे त्यांच्यापैकी प्रत्येकीला माहीत होतं.

करीनबाईंनी हातानं कापल्याची खूण करून तानूबाईला विचारलं, नाळ कशानं कापली? तानूबाईनं कुडात खोवलेला विळा काढून दाखवला. "ह्यो बगा. माज्या सासूचा इळा. गावातली समदी पोरं ह्येनंच सुटल्यात." त्यावर वाळलेली माती होती. नाळेवर लावायची राख आणि शेणही तिनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरा ताठ होता. तिची विद्या होती ती.

मी तोंड उघडलं, "आजी, अहो, या विळ्यानंच..."

गौराक्कांचा हात माझ्या खांद्यावर असा काही दाबला गेला की पुढचा शब्द आत राहिला. त्या तानूबाईच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या.

"माजंबी असंच गेलं," त्या म्हणाल्या. "सातव्या दिवशी. पोरगा हुता."

तानूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती इतका वेळ कोरडी बसलेली म्हातारी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

आम्हा मुलींना हे ठाऊकच नव्हतं. अक्का लहान वयातच विधवा झाल्या एवढं ऐकलं होतं. दुपारी ओढ्यावर हात धुताना त्यांनी आपणहून सांगितलं, पाण्याकडे बघत, डोळे अर्धवट मिटून, वर्गात सांगत तसंच.

"सासूनं नाळ कापलीती. लई मायेची बाई. नवरा गेल्यावर तिनंच मला शिकाय धाडलं, भावकीशी भांडून. दुसऱ्या वरसाला वर्गात डॉक्टरांनी धनुर्वात शिकवला, तवा मला कळलं, माजं पोरगं कशानं गेलं. दिवाळीला घरी गेल्यो. सासूनं गरम पाणी काढलं, डोक्याला तेल घातलं. लई येळा तोंडात आलतं. न्हाय बोलल्यो. ती मरंपत्तर न्हाय."

आमच्यातली एक म्हणाली, "मग अक्का, सांगायचंच नाही का?"

"सांगायचं की. पुढच्या बाळासाठी सांगायचं. गेलेल्यासाठी न्हाय."

आणि त्यांनी सांगितलं. दोन दिवसांनी गावच्या बायका भात झोडून बसल्या होत्या, तिथं त्या जाऊन बसल्या. जंतू हा शब्दही उच्चारला नाही.

"सटवाई पाचवीला येणार म्हणून तुमी काय करता?"

"घर सारवतो. दिवा लावतो. पाटा मांडतो."

"का?"

"ती लिवायला येती नव्हं?"

"मग घर सारवता, पाटा धुता, आणि जितं बाळ आईपासनं सुटलं ती जागाच तेवढी घाण ठेवता व्हय? तिला किळस आली की ती काय लिवंल?"

बायका तानूबाईकडे बघू लागल्या. तानूबाई हळूच म्हणाली, "मग इळ्याचं काय करू?"

"भात काप," गौराक्का म्हणाल्या.

आधी एक बाई हसली, मग सगळ्या. तानूबाईसुद्धा. माझ्या शेजारी करीनबाई सगळ्यांकडे बघत होत्या. एकही शब्द कळला नसेल, पण मी भाषांतर करायला लागले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

बिर्गितला मी लिहिलेलं ते पत्र फार लांबलचक झालं होतं. तिकडून उत्तर आलं ते सगळ्या वर्गाचं मिळून. त्यांनी आपल्याकडच्या एका म्हाताऱ्या नर्सला गाठून विचारलं होतं. तिच्या आजीच्या काळी त्यांच्या बेटांवरही असंच होत असे, बाळं अशीच जात, आणि मग गावोगावच्या सुइणींना शिकवून प्रत्येकीच्या हाती एक पिशवी दिली होती. त्या पिशवीचं चित्र काढून, आत काय काय असे त्याची यादी त्यांनी पाठवली होती. 'तुमच्या गावाला काय चालेल ते तुम्हीच ठरवा,' असं खाली लिहिलं होतं.

गौराक्कांनी यादीवर पेन्सिल चालवली. "रबरी मोजे? एकदा फाटलं की संपलं. काढ. थर्मामीटर? वाचणार कोण? काढ." राहिलं ते असं: साबण, नखं घासायचा ब्रश, नवं ब्लेड, उकळून कागदात बांधलेला दोरा, धुतलेलं फडकं. पापाच्या तिकटीजवळच्या एका पत्रेवाल्याकडून त्यांनी हातात मावेल एवढी पेटी करून घेतली. पहिली पेटी तानूबाईला. आम्ही महिन्यातून एकदा पाळीपाळीनं त्या गावांत जाऊ लागलो. वहीत प्रत्येक बाळंतपण लिहायचं, कुणी केलं, नाळ कशानं कापली, बाराव्या दिवशी बाळ कसं आहे. तीच वही नक्कल करून बिर्गितच्या वर्गाकडे जायची. त्या मुली प्रश्न विचारायच्या, आम्ही परत गावात जाऊन उत्तर शोधायचो. वर्षभरात तानूबाईच्या हातचं एकही बाळ सटवीनं नेलं नाही.

त्याच सुमारास सरकारची एक समिती गावोगाव फिरत होती. न शिकलेल्या सुइणींना बाळंतपण करायला मनाई करावी आणि केल्यास दंड करावा, असा नियम यायचा होता. समिती कोल्हापुरात आली. डॉक्टर होते, अधिकारी होते, अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या मिशांचे, भारदस्त गृहस्थ. करीनबाईंना परदेशी तज्ज्ञ म्हणून बोलायला बोलावलं होतं. गौराक्कांना बोलावलं नव्हतं. उलट, सरकारी नोकरांनी मत मांडायचं नसतं, अशी समज त्यांना आदल्या दिवशी देण्यात आली होती. त्या आल्या आणि तानूबाईला शेजारी घेऊन मागं बाकावर बसल्या. तानूबाईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि पेटी मांडीवर घट्ट धरली होती.

करीनबाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या. आम्हाला वाटलं, इंग्रजीत भाषण होईल. त्यांनी एकेक शब्द जोडत मराठीत म्हटलं, "मी पावणी. घरचं घरच्यानं सांगायचं." आणि मागं वळून गौराक्कांकडे हात केला आणि खाली बसल्या.

सभा कुजबुजली. आमचे मोठे डॉक्टर लालबुंद झाले. गौराक्का उठल्या, सावकाश पुढं गेल्या. खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्यांचं लुगडं इतकं पांढरं दिसत होतं की मला त्यांचा चेहरा नीट दिसेना.

"साहेब," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "तुमची नाळ कुणी कापली?"

एकजण हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले.

"आमच्या गावच्या सुईणीनं," ते म्हणाले. "गजाबाई म्हणायचे तिला."

"तिला दंड करायचा का?"

मग गौराक्कांनी आम्हाला पुढं बोलावलं. मी वहीतली नोंद वाचून दाखवली, बिर्गितच्या वर्गाचं पत्र वाचलं. शेवटी अध्यक्षांनी तानूबाईला विचारलं, पेटीत काय आहे. तिनं एकेक वस्तू टेबलावर मांडली, प्रत्येकीचं काम सांगितलं, आणि परत भरताना ब्लेडला हात लावू पाहणाऱ्या एका डॉक्टरांना म्हणाली, "हात धुतल्यात का?"

त्या दिवशी अध्यक्ष उठून गेले ते हसतच.

पाच-सहा महिन्यांनी हुकूम निघाला. सुइणींना दंड नाही. त्यांना शिकवायचं, पेटी द्यायची, आणि नर्सिंगच्या मुलींनी शिक्षणातला काही काळ खेड्यात राहून त्यांच्याबरोबर काम करायचं. आधी आमच्या जिल्ह्यात, मग हळूहळू इतरत्र. कागदावर लिहिलं होतं, 'परदेशी तज्ज्ञांच्या शिफारशीवरून'. गौराक्कांचं नाव कुठंही नव्हतं. त्यांच्या नावाचा कागद वेगळा आला. अधिकार नसताना मत मांडल्याबद्दल त्यांची बदली झाली होती, गडहिंग्लजच्या छोट्या दवाखान्यात.

करीनबाई संतापून हुकूम काढणाऱ्यांना पत्र लिहायला बसल्या. मी मसुदा करत होते. गौराक्का ट्रंक भरत होत्या.

"अक्का, हा अन्याय आहे," मी म्हटलं.

"कसला? म्हायेरी धाडलं की मला." त्यांनी एक लुगडं झटकून घडी घातली. मग थांबून म्हणाल्या, "वाईट वाटलं, न्हाय म्हणत न्हाय. तुमचा वर्ग सुटतोय. पर नाव ऱ्हाऊ दे तंगी. इळे थांबले का ते बग."

पत्र गेलं. त्याला उत्तर आलं नाही.

करीनबाईही त्याच हिवाळ्यात परत गेल्या. नंतर बिर्गितचं एक पत्र आलं, ते मी अजून जपलंय. त्यांच्या दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरचं कुणी बसू देत नसत. आमच्या वहीत गौराक्कांनी मला एक ओळ लिहायला लावली होती, की आमच्या खेड्यात बाळंतिणीच्या पाठीला एक म्हातारी टेकून बसते, ती काही करत नाही, नुसती ऊब देते, आणि ही रीत मोडू नये. त्या मुलींनी ही ओळ वाचून आपल्या मेट्रनकडे अर्ज केला. एक दोनदा नाही, वर्षभर. शेवटी आईला किंवा बहिणीला आत बसायची मुभा मिळाली. बिर्गितनं लिहिलं होतं, 'हे तुमच्या बाईंना सांग.' मी ते पत्र मराठीत उतरवून गडहिंग्लजला पाठवलं. उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आलं, त्यावर एवढंच होतं: 'तिकडं लई थंडी असंल. बरं झालं.'

मी परीक्षा पास झाले, बेळगावकडे नोकरी लागली. जाताना एसटी गडहिंग्लजला अर्धा तास थांबली. मी धावत दवाखाना शोधला. दारात एक शिपाई बसला होता. "अक्का न्हाईत," तो म्हणाला. "शिवाराकडं गेल्यात. बसा की पावणं, येतील." बसायला वेळ नव्हता. निरोप ठेवला आणि परत आले.

गाव मागं पडलं. थंडीतली कोवळी सकाळ होती. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते आणि त्या रुपेरी तुऱ्यांवरून ऊन वाऱ्याबरोबर पुढं पुढं सरकत होतं. त्या उसाच्या मधून एक बांध गेला होता आणि बांधावरून एक पांढरं लुगडं सावकाश चाललं होतं. त्या चालीत मुळीच घाई नव्हती. हातात काहीतरी होतं आणि पदर पुढं ओढून त्यावर सावली धरली होती.

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. "अक्का! गौराक्का!"

मोटारीच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. शेजारी बसलेल्या म्हातारीनं माझं लुगडं धरून मला आत ओढलं.

"अक्का व्हय? आता न्हाय ऐकायच्या त्या," ती म्हणाली. "आज कुणाचं तरी बारसं असंल. बाळ बारा दिसाचं झालं की अक्का त्येला हातावर घेऊन बांधावरनं फिरवून आणत्यात. कुणाचंबी असू दे."

"का?"

"काय की. ऊन दावत्यात. कुणी म्हणतंय, सटवाईशी बोलत्यात."

मी वळून पाहिलं. गौराक्का थांबल्या होत्या. तोंड खाली करून त्या बाळाशी काहीतरी बोलत होत्या. मग त्यांनी पदर थोडा बाजूला केला, बाळाच्या तोंडावर उजेड पडू दिला, आणि पुन्हा चालू लागल्या.